सोलापुरी टॉवेल

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा सुधाताईंचा जावई नागोयाहून आला, त्याच्याकडून तुझं कळलं. तुझी कचऱ्याची पिशवी गाडीवाले चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवून गेले, मध्यरात्री फोनवर मोठ्याने बोलतोस म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं, आणि आता तू शेजारीपाजारी कुणाकडे मान वर करून बघतही नाहीस. पहिल्या दोन गोष्टी सुधारतील. तिसरीने माझी झोप उडवली आहे.

फोनचं मी वहिनीशी बोललो. तिची कामं आवरून दहा वाजतात तेव्हा तुझ्याकडे दीड वाजलेला असतो. यापुढे ती संध्याकाळीच करेल. पण ‘कचऱ्यासाठी एवढं? ही माणसं वेडी आहेत’ असं तू म्हणालास, त्याचा मला राग आला. बाबा रे, ज्या गावात राहतोस त्याची हकिकत तरी विचारायचीस. नागोयाला कचरा पुरायला जागा उरली नव्हती. फुजिमाएच्या खाडीकाठच्या चिखलात, जिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, तिथे भराव घालायचं चाललं होतं. लोक विरोधात उभे राहिले. १९९९ मध्ये महापालिकेने तो बेत सोडला, कचऱ्याची आणीबाणी पुकारली, आणि घराघरांत कचरा निवडायला बसले. २००२ साली ती पाणथळ जागा रामसर यादीत गेली. तुझ्या पिशवीकडे डोळे वटारणाऱ्या त्या शेजारच्या आजीबाईंनी ते दिवस बहुधा पाहिले असतील.

ऑफिसच्या जेवणात तू भातात चॉपस्टिक उभ्या खोवल्यास आणि सगळे गप्प झाले म्हणे. तिथे तसा भात मृताच्या उशाशी ठेवतात. घासही एका चॉपस्टिकवरून दुसरीवर देत नाहीत, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. अप्पांच्या दहाव्याला तू माझ्याशेजारी बसला होतास. पिंडासारखा भाताचा गोळा कुणी पंगतीत तुझ्या पानात ठेवला असता, तर तुझाही घास अडकलाच असता ना? तुला कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यात तुझा दोष नाही. पण त्या लाजेने खोलीत कोंडून घेऊ नकोस. मला धास्ती त्याचीच आहे.

कलकत्त्याला होतो तेव्हा मी असाच राहिलो. ऑफिस, खोली आणि रविवारी मराठी मंडळी. शेजारचे बंगाली गृहस्थ दर विजयादशमीला संदेश घेऊन दारात यायचे, मी दारातूनच घ्यायचो. त्यांच्या घरात कधी पाऊल टाकलं नाही. ते गेल्याचं मला बऱ्याच दिवसांनी कळलं. ओंकार, ते अजून सलतं रे.

फार बोललो. तू एवढासा असताना पाहुणे आले की माझ्या धोतरामागे लपायचास, ते मी विसरलेलो नाही. परक्या मुलखात एकट्याने राहणं सोपं नसतं.

तिकडे नवा बिऱ्हाडकरू समोरच्या आणि बाजूच्या घरी टॉवेल नाहीतर साबण घेऊन ओळख करून द्यायला जातो. तुझं ते राहून गेलं. मी सोलापूरहून चांगले टॉवेल मागवले आहेत, वहिनीच्या चिवड्याबरोबर पाठवतो. उशीर झाला तरी जा. पहिला त्या आजीबाईंना दे, आणि कचऱ्याचं कसं करायचं ते त्यांनाच विचार. जेवत जा वेळेवर.

तुझा,
भाऊकाका