तेलाची कुपी आणि मंदीतला धंदा

शास्त्रपाठ : 2 राजे 4:1-7 (आधी हा भाग वाचावा, मग पुढे)



नाताळनंतर आमच्या मंडळीतल्या एका तरुणाची नोकरी गेली. बुटीबोरीतल्या ज्या कारखान्यात तो होता तिथली दुसरी पाळी बंद झाली. उपासनेनंतर तो मला भेटला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही गावात बायांना धंदे लावून देता. मला सांगा, या दिवसांत कोणता धंदा टाकू?" खिशातून त्याने एक कागद काढला. चहाची टपरी, मोमोजची गाडी, मोबाईलचे दुकान, असे पाचसहा धंदे त्यावर लिहिले होते. प्रत्येकासमोर भांडवलाचा आकडा होता आणि प्रत्येक आकडा कर्जाचा होता.

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. त्याआधी आमची स्वतःची एक चूक त्याला सांगितली. तीच आज आपणांस सांगते, कारण त्या चुकीत आपल्यापैकी अनेकांच्या देणगीचे पैसे होते.

25 मार्च 2020 ला टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा रामटेक तालुक्यातल्या देवलापार पट्ट्यातली आपल्या ओळखीची गोंड कुटुंबे चहूकडे विखुरलेली होती. पुरुष नागपुरात बांधकामावर होते. काही जोडपी मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. परत आली ती रिकाम्या हाताने, कितीतरी जण पायी. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे 24 टक्क्यांनी घसरले, हे आपण वर्तमानपत्रात वाचले. गावात तो आकडा कोणाला ठाऊक नव्हता. डब्यातले तिखट संपले होते एवढे ठाऊक होते.

दिवाळीच्या सुमारास आम्ही ठरवले की धान्याची पाकिटे पुरे झाली, आता उपजीविका द्यायची. कोणती, हे मी ठरवले. शिलाई मशीन. सहा मशीन घेतल्या, तीन महिन्यांचे प्रशिक्षण ठेवले. खरे सांगते, मशीन निवडण्याचे एक कारण हेही होते की मशीनपाशी बसलेल्या बाईचा फोटो छापला की देणगीदाराला सगळे एका नजरेत कळते.

पहिले दोन महिने मास्क शिवले, ते खपले. मग शाळा बंद, म्हणून गणवेश नाहीत. लग्ने घरातल्या घरात, म्हणून ब्लाउज नाहीत. आणि ज्यांच्याकडे थोडे पैसे होते ते बाजारातून तयार कपडा घेत होते, तो आमच्या शिवणीपेक्षा स्वस्त पडे. होळीला गेले तर चार मशीनवर चादर घातलेली. एक दवाखान्याच्या खर्चासाठी विकली गेली होती. मी जरा रागावले. तेव्हा गटातली वयाने मोठी बाई शांतपणे म्हणाली, "बाई, मशीन तुमी देल्या ते बरं केलं. पन कपडे शिवाले पैसे कोनापाशी हायेत? आमाले इचारलं असतं तर सांगतलं असतं."

त्या रात्री घरी येऊन मी हा अध्याय काढला. संडेस्कूलपासून शिकवत आलेला भाग, पण तो धंद्याचा धडा म्हणून मी कधी वाचला नव्हता.

संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येते. नवरा देवभिरू होता, पण कर्ज ठेवून गेला, आणि आता धनको तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे. अलीशा तिला पैसे देत नाही. कोणता धंदा कर हेही सांगत नाही. तो विचारतो की घरात काय आहे. तिचे पहिले उत्तर असे की काहीच नाही; आणि मग, जणू शेवटी आठवल्यासारखे, थोडेसे तेल आहे.

पुढचा भाग सावकाश वाचावा. तेल ही नवलाईची वस्तू नव्हती. खायला, दिव्याला, अंगाला, प्रत्येक घराला ते रोज लागे. विकण्यासाठी गिऱ्हाइकाला समजावावे लागणार नव्हते. भांडी तिने विकत घेतली नाहीत, शेजाऱ्यांकडून उसनी आणली, आणि थोडीथोडकी नाही. म्हणजे धंद्याचे साहित्य उसने, आणि माल घरचा. आपण बहुधा उलट करतो. साहित्यावर कर्ज काढतो आणि माल काय भरायचा ते नंतर पाहतो. काम दार लावून, घरच्या माणसांनी केले. मुले भांडी पुढे करत होती आणि आई ओतत होती. शेवटी क्रम दिला आहे : आधी विकायचे, मग देणे फेडायचे, आणि उरलेल्यावर घर चालवायचे. भांडी संपली तेव्हा तेलही थांबले. माझ्या मते त्यात कमीपणा काही नाही. जेवढे पेलले तेवढे मिळाले आणि तेवढ्यात कर्ज फिटले.

म्हणून 2021 च्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा बसलो, या वेळी कागद न घेता. मी तोच प्रश्न विचारला. उत्तरही तेच आले : काही नाही जी. अर्धा तास "काही नाही" मध्ये गेला. मग एकीने म्हटले, मोहफुले तर आहेत. दुसरी म्हणाली, एक शेळी आहे. आणि मागून एक जण हसत बोलली, "मोहफुलाची दारू हाय ना बाई, मंदीत तेच तर चालते."

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. काम नसते तेव्हा गावात रोख पैसा हातभट्टीवरच दिसतो, हे प्रत्येक बाईला माहीत होते. गटातल्या दोघींच्या घरी पूर्वी भट्टी लागत असे. कायद्याचा धाक मी सांगू शकले असते, वचनेही सांगू शकले असते. पण त्याच बोलू लागल्या. एकीने नवऱ्याचे सांगितले, एकीने भावाचे. गिऱ्हाईक कोण, तर आपलीच माणसे. त्यांची मजुरी आपल्या घरी येणार आणि त्यांच्या घरी चूल थंड राहणार. ती बैठक फार लांबली. भट्टी लावायची नाही हे त्यांनी ठरवले, मी नाही.

मग उरले फूल. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, बायामुले ती वेचतात आणि अंगणात वाळवतात. दरवर्षी ती वाळली की आठवड्याभरात व्यापाऱ्याला विकली जात, कारण घरात मीठ नसे. पावसाळ्यात तेच फूल लागले की जास्त भावाने विकत आणावे लागे. जुन्या नियमांमुळे साठा करण्याची भीतीही होती. 2020 च्या मे महिन्यात केंद्राने सुक्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला 17 रुपयांवरून 30 रुपये केली, आणि 2021 मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध सैल केले. नियम बदलले तरी अंगणातल्या बाईला एक अडचण होतीच : चार महिने थांबायचे तर तोवर खायचे काय?

इथे आपले पैसे खऱ्या अर्थाने उपयोगी पडले. गटाने प्रत्येक घराला फुलाच्या निम्म्या किमतीची उचल दिली आणि फूल गटाकडे ठेवून घेतले. झाडाखाली पाला जाळण्याऐवजी जुन्या साड्या आणि जाळ्या अंथरल्या, त्यामुळे फूल स्वच्छ आले आणि जंगलात आग लागण्याचे भय गेले. साठवायला कोठ्या लागल्या. त्या आम्ही विकत घेतल्या नाहीत, घरोघर मागितल्या. पहिल्या वर्षी दोन कोठ्यांत ओल गेली आणि फूल काळे पडले. झाकण घट्ट नव्हते. बाकीचे पोळ्यानंतर विकले तेव्हा एप्रिलपेक्षा चांगला भाव आला. थोड्या फुलांचे तीळ घालून लाडू केले. ते नागपुरात मंडळीच्या सणाला खपतात, रोज खपत नाहीत, म्हणून लाडवांवर घर चालेल असे मी कोणाला सांगत नाही.

या गटात एक विधवा बहीण आहे. नवऱ्याच्या आजारपणात तिने खाजगी सावकाराकडून अठरा हजार घेतले होते. मुलगा नववीत, शाळा बंद. वीटभट्टीच्या मुकादमाने तिला निरोप पाठवला होता की मुलाला पाठव, उचल देतो, सावकाराचे फेड. राजांच्या पुस्तकातला धनको आणि हा मुकादम यांत मला काही फरक दिसत नाही. तिच्या घरात एक शेळी होती, आणि शेळीच्या दुखण्याखुपण्याची चांगली जाण. तिने गटाकडून आणखी दोन शेळ्यांपुरतेच पैसे घेतले. आम्ही पाच म्हणत होतो. तिने नको म्हटले, चारायला माणूस एकच आहे. शेळी पाच महिन्यांत विते, आणि अडचणीच्या दिवशी एक विकता येते. अर्धी शिलाई मशीन विकता येत नाही. पीपीआरची लस मात्र वेळेवर टोचावी लागते. तिच्या शेजारणीने टाळली, तिचा कळप एका पावसाळ्यात गेला. फूल आणि शेळ्या मिळून या बहिणीने दुसऱ्या हंगामाच्या शेवटी सावकाराचे मुद्दल आणि व्याज दिले. मुलगा भट्टीवर गेला नाही.

आपल्या लोकांत हे नवे नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली व विधवा केडगावला घेऊन गेल्या. लहानपणी दुष्काळाच्या दिवसांतच आईवडील गमावलेली ही बाई, भूक तिला पुस्तकातून कळली नव्हती. मुक्ती मिशनमध्ये त्यांनी केवळ अन्न वाटले नाही. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणी, छापखाना असे उद्योग उभे केले. बहुतेक गोष्टी त्या घरालाच रोज लागणाऱ्या होत्या. बाहेर गिऱ्हाईक नसले तरी घरचे गिऱ्हाईक होतेच.

नागपूरकरांना दुसरेही उदाहरण माहीत आहे. अमेरिकेतली यादवी संपली आणि 1865 मध्ये मुंबईचा कापसाचा फुगा फुटला, त्यात टाटांचे घरही पोळले. पुढे जमशेटजींनी एम्प्रेस गिरणी काढली ती मुंबईत नाही, नागपुरात. कापूस इथलाच, आणि आगगाडी 1867 मध्येच पोहोचली होती. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ होता. त्यांनीही आधी पाहिले ते इथे काय आहे हेच. (आणि हीच गिरणी पुढे बंद पडली तेव्हा आपल्या मंडळीतल्या किती घरांची चूल हलली, तेही जुन्या सभासदांना आठवत असेल. चांगली निवड कायमची नसते.)

धंदा निवडणाऱ्याला मी आता एक काम सांगते. भांडवलाचे गणित करण्याआधी सलग तीन आठवडी बाजारांत नुसते उभे राहा आणि लोक कशासाठी पैसे सोडतात ते मोजा. हात आखडता असताना माणूस नवे घेत नाही, जुने दुरुस्त करतो : चप्पल, सायकल, पंप, छत्री. तेल, मीठ, तिखट, सुकी मासळी घेतोच. 2020 च्या त्याच वाईट तिमाहीत शेती तेवढी वाढली होती, 3.4 टक्क्यांनी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. किराणा दुकानाचा मोह बहुतेकांना होतो. पण मंदीत किराणा विकला जातो तो उधारीवर, आणि उधारी नातेवाइकांचीच असते. नाही म्हणता येत नसेल तर ते दुकान टाकू नये. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाची गोष्ट प्रभूने सांगितली (लूक 14:28-30), त्या हिशोबात उधारीही धरावी.

त्या तरुणाला मी विचारले, तुझ्या घरात काय आहे? तो म्हणाला, काही नाही. बोलता बोलता कळले की कारखान्यात तो मोटारींच्या देखभालीवर होता. हत्यारांची पेटी स्वतःची, स्कूटर वडिलांची. मार्च जवळ आला होता, आणि नागपुरात मार्चमध्ये घरोघर माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. त्याने कागद फाडला नाही, घडी करून पुन्हा खिशात ठेवला. पण गेल्या उन्हाळ्यात कर्ज न काढता त्याने कूलरचे पंप आणि मोटारी दुरुस्त केल्या, वाळ्याच्या ताट्या बदलून दिल्या. पावसाळ्यात काम अगदी कमी झाले, तेव्हा तो शेतीपंपांकडे वळला. अजून कारखान्यातल्या पगाराएवढे सुटत नाही, असे तो सांगतो.

प्रार्थनेसाठी : विधवा बहिणीच्या मुलाने दहावीची परीक्षा दिली, इंग्रजीत राहिला, तो पुन्हा बसतो आहे. बंद पडलेल्या मशीनपैकी दोन शेजारच्या गावातल्या एका शिवणाऱ्या बाईने भाड्याने घेतल्या आहेत, तिच्यासाठीही प्रार्थना करावी.

आणि एक विनंती. मोहाचा हंगाम येत आहे. गटाला घट्ट झाकणाच्या आठ कोठ्या हव्या आहेत. आपल्या घरी गव्हाची जुनी पत्र्याची कोठी रिकामी पडली असेल तर फेब्रुवारीअखेरपर्यंत मिशनच्या कार्यालयात पोहोचवावी. कोठीवर आपले नाव लिहावे, दिवाळीपर्यंत परत मिळेल.