एक फाईल, अनेक हात : मेनफ्रेम संगणकावरील सामायिक नोंदींचे नियोजन

एका खात्यात ५०० रुपये शिल्लक आहेत. व्याजआकारणीची आज्ञावली ही शिल्लक वाचते. त्याच क्षणी खातेदार २०० रुपये काढतो आणि शिल्लक ३०० होते. आज्ञावली मात्र आपल्या आधीच्या वाचनावरून १० रुपये व्याज मिळवून ५१० लिहिते. काढलेली रक्कम हिशेबातून नाहीशी झाली!

असे होऊ नये म्हणून मेनफ्रेम संगणकांवर पूर्वी सरळ उपाय होता. आयबीएम कंपनीच्या सीआयसीएस या १९६९ मध्ये आलेल्या प्रणालीत दिवसभराचे व्यवहार चालत; रात्री तेथील फाईल बंद करून गठ्ठ्याने करावयाची कामे उरकली जात. काम लांबले की सकाळी खिडकीपुढील रांगही लांबे. चोवीस तास सेवा द्यावयाची, तर हे निभणारे नव्हते.

१९९० नंतरच्या दशकात व्हीसॅम पद्धतीच्या फाईलींसाठी संपूर्ण फाईलीऐवजी एकेक नोंद राखून ठेवण्याची सोय झाली. कोणती नोंद कोणाच्या हाती आहे, याची यादी ‘कपलिंग फॅसिलिटी’ या सामायिक स्मृतिसाठ्यात राहते; म्हणून अनेक संगणक ती फाईल एकाच वेळी वापरू शकतात. तथापि, ज्या फाईलींतील बदल मागे घेण्याची हमी हवी, त्या रात्रीच्या आज्ञावलींना केवळ वाचता येत. पुढे ‘ट्रान्झॅक्शनल व्हीसॅम’ने त्यांना लेखनाचीही मुभा दिली. बदलापूर्वीची नोंद रोजनाम्यात ठेवली जाते आणि काम मध्येच फसल्यास तीवरून फाईल पूर्ववत केली जाते.

ही सोय कार्यान्वित करणे तांत्रिक विभागाला फारसे अवघड नाही. प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र रोजनामा लागतो. कोणत्या फाईलीला रोजनामा नको, कोणत्या फाईलीचे बदल मागे घेता यावेत आणि कोणती फाईल नष्ट झाल्यास जुन्या प्रतीवरून पुन्हा उभी करता यावी, हे फाईलीगणिक ठरवावे लागते.

खरी अडचण जुन्या आज्ञावलींची आहे. फाईल आपल्या एकटीचीच आहे, असे गृहीत धरून त्या लिहिलेल्या असतात. एक लाख खात्यांचे व्याज लिहून अखेरीस एकदाच बदल कायम करणारी आज्ञावली तोवर एक लाख नोंदी अडवून धरते आणि फाईल उघडी असूनही खातेदार ताटकळतो. म्हणून काही शे नोंदींनंतर बदल कायम करण्याची आज्ञा घालावी लागते. ती प्रत्येक नोंदीमागे घातल्यास रोजनाम्याचा भार वाढतो व काम रेंगाळते. शिवाय काम मध्येच थांबले, तर आधीचे बदल कायम झालेले असतात. प्रारंभापासून पुन्हा चालविल्यास त्याच खात्यांना दोनदा व्याज मिळेल. आपण कोठवर आलो, याची खूण आज्ञावलीनेच ठेवावयास हवी. जुन्या आज्ञावलींत अशी खूण बहुधा नसते आणि ती घालण्याचे काम कार्यालयाच्या अंदाजपत्रकात हमखास विसरले जाते.

काम फसल्यानंतर बदल लगेच मागे घेता आले नाहीत, तर संबंधित नोंदी तशाच राखून ठेवल्या जातात व त्या मागणाऱ्यास नकार मिळतो. त्या कोणी, कोणत्या क्रमाने सोडवावयाच्या, हे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यास आधीच लेखी दिलेले असावे.