गाठ दुखत नाही, म्हणूनच दाखवायची



चर्चच्या हॉलमध्ये रक्तदाब आणि साखर तपासण्याचे शिबिर असले की मिस्सा संपताच रांग लागते. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीची सूचना वाचली जाते तेव्हा मात्र बऱ्याच भगिनी नजर खाली घालतात आणि पुरुषांना वाटते, हा विषय आपला नाही. आम्ही आज त्याच विषयावर लिहीत आहोत. तो स्त्रियांइतकाच पुरुषांनीही वाचावा, कारण घरातील बाईने दवाखान्यात कधी जायचे हे अजूनही पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या शब्दावर ठरते.

भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वात जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. इतके मृत्यू होण्यामागे एक मोठे कारण म्हणजे आपल्याकडे रुग्ण उशिरा येतो. आणि तो उशिरा येतो, कारण गाठ दुखत नाही.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. आंघोळ करताना हाताला काहीतरी कठीण लागते. ताप नाही, कळ नाही, काम चालू असते. मग बाई मनाशी म्हणते, नाताळ जाऊ दे, मुलीचे लग्न होऊ दे, भात झोडून होऊ दे. दुखू लागले की जाऊ, असे ठरते. पण दुखू लागेपर्यंत किंवा कातडी फुटेपर्यंत रोग काखेतील गाठींत आणि कधी त्यापुढेही गेलेला असतो. म्हणून न दुखणाऱ्या गाठीची दखल आधी घ्यायची. गाठीखेरीज आणखीही खुणा आहेत: कातडीला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, एका स्तनाचा आकार बदलणे. यांपैकी काही दिसले तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका. शिबिर हे काहीच त्रास नसलेल्या स्त्रीसाठी असते. खूण दिसलेल्या स्त्रीने त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही लक्षात ठेवावे. पण ते डॉक्टरांनी सांगायचे, शेजारणीने नव्हे.

काहीच त्रास नसताना तपासून काय फायदा, असे आम्हाला विचारले जाते. याचे उत्तर आपल्या जवळच, मुंबईत मिळाले आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले गेले, असे चार वेळा. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. यंत्र नव्हते, मॅमोग्राफी नव्हती. उरलेल्या वस्त्यांतील स्त्रियांना रोगाची माहिती देण्यात आली. वीस वर्षे सर्वांची खबर ठेवली गेली आणि निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. हाताने तपासलेल्या गटात रोग सापडला तेव्हा तो पुढच्या, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असण्याचे प्रमाण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक आढळला नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. तपासणीची जाहिरात करताना फक्त गोड आकडे सांगणे बरे नव्हे.

पन्नाशीच्या पुढील भगिनींनी म्हणूनच हे विशेष मनावर घ्यावे. ‘आता या वयात कसली तपासणी’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते, आणि नेमका त्याच वयात तपासणीचा उपयोग सर्वात जास्त आहे. एकदा तपासून झाले म्हणजे संपले असेही नाही. यंदा काही नसले तरी दोन वर्षांनी पुन्हा जायचे असते. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची हाताने तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. आमच्या मते हे अंतर फार आहे. ज्यांना मॅमोग्राफी परवडते त्यांनी ती केव्हा आणि किती वर्षांनी करावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने त्या चित्रात गाठ नीट दिसत नाही, म्हणून विशीतिशीतल्या मुलीला डॉक्टर आधी सोनोग्राफी सांगतात. आई, मावशी किंवा बहिणीला हा रोग झाला असेल, तर मात्र वयाची वाट न पाहता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

सर्वात मोठी भीती असते ती स्तन काढून टाकण्याची. ती भीती बायका बोलून दाखवत नाहीत. इटलीतील मिलान येथे डॉ. उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण लहान सुपारीएवढ्या, गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांवर उपचार केले. अर्ध्यांचा पूर्ण स्तन काढला; अर्ध्यांची केवळ गाठ व तिच्या भोवतालचा भाग काढून रेडिएशन दिले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतील स्त्रियांचे आयुर्मान सारखेच होते. थोडक्यात, स्तन जाईल या भीतीने गाठ लपवणारी बाई तो वाचवण्याची संधीच घालवून बसते. सुई लावली की कर्करोग पसरतो, हा दुसरा समज. त्याला आधार नाही. बायॉप्सीशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

हा रोग लग्न झालेल्या, मुले झालेल्या बायकांचाच, असेही काहींना वाटते. खरे तर उलट आहे. बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते की मठांतील धर्मभगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. मूल न होणे आणि अंगावर न पाजणे यांमुळे धोका थोडा वाढतो, हे आज आपल्याला कळले आहे. तेव्हा आपल्या कॉन्व्हेंटमधील सिस्टर्सनी आणि अविवाहित भगिनींनी शिबिराची केवळ व्यवस्था पाहू नये, स्वतःही तपासून घ्यावे. स्तनाच्या विकारांसाठी जिचा धावा केला जातो ती संत अगाथा हीसुद्धा कुमारिकाच होती. ५ फेब्रुवारीला तिचा सण येतो. त्या आठवड्यात दर दोन वर्षांनी तपासणी करून घ्यायची असे ठरवले, तर तारीख विसरणार नाही.

पुरुषांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, क्वचित का होईना, हा रोग पुरुषालाही होतो. छातीतील कठीण गाठ त्यांनीही दाखवावी. दुसरी, पत्नीने गाठीचा विषय काढला तर ‘बघू’ म्हणू नका, सोबत जा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

तपासणीला येताना पाळी येणाऱ्या भगिनींनी पाळी संपल्यानंतरचे दिवस निवडावेत; त्या वेळी स्तन मऊ असतात व दुखत नाहीत. मॅमोग्राफी असेल तर त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, त्याचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसतात. वरचे कपडे काढावे लागतात, तेव्हा गाऊनपेक्षा साडी किंवा सलवार-कमीज सोयीची. पूर्वीचे रिपोर्ट व फिल्म घरात असतील तर पिशवीत घालून आणाव्यात, कारण डॉक्टरांना नवे चित्र जुन्याशी ताडून पाहायचे असते.