हुमणीच्या रक्तपेशींचा संवाद आणि उपयुक्त सूत्रकृमी

बोटात काटा रुतला की काही तासांत ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकते. हा दाह म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या संघटित हालचालीची खूण होय. प्रथम पोहोचलेल्या पेशी 'ल्युकोट्राइन बी-४' हे संदेशद्रव्य स्रवतात आणि त्याच्या मागावर इतर पेशी धावून येतात. हे द्रव्य ॲराकिडॉनिक आम्लापासून बनते. पेशीपटलातून ते आम्ल सुटे करण्याचे कार्य 'फॉस्फोलायपेज ए-२' हे विकर करते.

कीटकांमध्ये माणसासारखी प्रतिपिंडे नसतात. त्यांच्या संरक्षणाची मदार मुख्यतः रक्तपेशी व विकरे यांवर असते. शत्रू आकाराने मोठा असल्यास अनेक कीटकांत कणीदार पेशी त्याला प्रथम चिकटतात व संदेश देतात. त्यानंतर प्लाझ्मॅटोसाइट पेशी थरावर थर रचतात. असे २३ अमिनो आम्लांचे एक संदेशद्रव्य सोयाबीनवरील उंटअळीच्या एका जातीतून १९९७ मध्ये वेगळे करण्यात आले. अखेरीस हे कवच मेलॅनिनमुळे काळे पडते. या समन्वयातही फॉस्फोलायपेज ए-२ पासून सुरू होणारी संदेशमालिका आवश्यक असते.

हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी नेमकी हीच कडी तोडतो. कोइमतूर येथील या प्रजातीचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिचे भुकटी स्वरूपातील संरूपण विकसित केले आहे. सूत्रकृमी हुमणीच्या शरीरात शिरून आपल्या आतड्यातील फोटोऱ्हॅब्डस जिवाणू रक्तात सोडतो. हे जिवाणू उपरोक्त विकराचे कार्य रोखतात. रक्तपेशी असतात, परंतु त्यांच्यातील संवाद खुंटतो. जिवाणू बेसुमार वाढतात आणि अळी मरते.

या जैविक यंत्रणेचे यश सूत्रकृमी अळीपर्यंत जिवंत पोहोचण्यावर अवलंबून आहे. कोरडी जमीन व प्रखर ऊन त्यांना मारक ठरते. म्हणून ओलाव्यावर, सायंकाळी आणि अळ्या लहान असतानाच त्यांचा वापर करावा. मृत हुमणी विटकरी लाल दिसली व तिला दुर्गंधी नसली, तर उपाय लागू पडला असे समजावे. अशा अळ्या वेचून नष्ट करू नयेत. त्यांतूनच सूत्रकृमींची पुढील पिढी जमिनीत पसरते.