काच कोरडी, कार्पेट ओलं

प्रश्न : माझ्याकडे 2006 सालची छोटी गाडी आहे. इंजिनाची काही तक्रार नाही, पण गेले तीन पावसाळे डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं. गॅरेजमध्ये दोनदा पुढच्या काचेभोवती सिलिकॉन भरून घेतलं. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. भर पावसात कुंभार्ली घाटातून कराडला जाऊन आलो तरी आत थेंब नाही, आणि रात्रभर अंगणात आंब्याखाली उभी राहिली की सकाळी पाय ठेवताच पचपच. अंगण उताराचं आहे. आता कुबट वास येतो, काचांवर आतून वाफ धरते. हे पाणी शिरतं तरी कुठून? की गाडीच काढून टाकू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढून टाकू नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. आंब्याचं झाड, उतार आणि उभी गाडी.

आधी हे पाणी पावसाचंच ना, याची खात्री करून घ्या. डाव्या पायाखाली पाणी येण्याची आणखी दोन कारणं असतात. एसी चालू असताना डॅशबोर्डच्या आत पाणी सुटतं आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतं. ती नळी तुंबली की तेच पाणी कार्पेटवर उतरतं, पण मग ते मे महिन्यातही यायला हवं. दुसरं कारण म्हणजे हीटरच्या आतल्या रेडिएटरची गळती. त्यातलं कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो, बहुधा रंगही असतो आणि बोनेटखालच्या टाकीतली पातळी उतरत जाते. पांढरा टिशू कार्पेटवर दाबून पाहा. डाग नाही, चिकटपणा नाही आणि फक्त पावसाळ्यातच होतं, म्हणजे पाणी आभाळातलंच.

आता मुख्य गोष्ट. गाडी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, अशी आपली समजूत असते. तशी ती नसते. पावसाचं पाणी ठरावीक जागी आत येणारच, हे धरूनच गाडी बांधलेली असते आणि त्याला बाहेर पडायला वाटा ठेवलेल्या असतात. म्हणून जुन्या गाडीत पाणी आलं की कुठे भेग पडली हे शोधण्याआधी कुठली वाट बुजली ते पाहावं. तुमच्या गाडीत दोन वेळा भोक बुजवायचा प्रयत्न झाला, तुंबलेली वाट मात्र कुणी मोकळी केली नाही, असा माझा अंदाज आहे.

बोनेट उघडा आणि काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली असलेली प्लॅस्टिकची जाळी पाहा. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे उतरतं. गाडीत बाहेरची हवा घेणारं ब्लोअरचं तोंडही याच पन्हळीत असतं आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते डाव्या बाजूला असतं. आंब्याचा मोहोर, पानं, धूळ असं सगळं जाळीतून खाली जाऊन कुजतं आणि त्याचा काळा चिखल भोकांवर बसतो. मग पन्हळ भरते, पाणी ब्लोअरच्या तोंडापर्यंत चढतं आणि तिथून थेट डाव्या पायाखाली उतरतं. चालत्या गाडीत ते चढावर, वळणावर हिंदकळून बाहेर पडत असावं. उभ्या गाडीत ते रात्रभर साचत राहतं, आणि उतारावर तर एकाच कोपऱ्यात. तुम्ही तोंड उताराकडे करून लावता की चढाकडे, ते लिहिलेलं नाही. आठवडाभर उलटी लावून पाहा, फरक पडला तर तोही पुरावाच.

वायपरचे दांडे काढून जाळी उचलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. हाताने चिखल काढा आणि मग तांब्याभर पाणी ओता. दोन्ही चाकांमागे धार लागली पाहिजे. एका बाजूने थेंबथेंब येत असेल तर तीच बाजू दोषी.

तिथे सगळं स्वच्छ निघालं तर दरवाजाकडे वळा. खिडकीच्या काचेलगतच्या रबरातून दाराच्या पोकळीत पाणी उतरतंच, आणि दाराच्या तळाशी असलेल्या चपट्या भोकांतून ते बाहेर जातं. डोअर पॅडच्या मागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. त्याचं काम ते पाणी गाडीच्या आत येऊ न देणं. स्पीकर बसवताना किंवा काच वर-खाली करायचं यंत्र बदलताना तो कागद फाडला जातो, किंवा काढून कोपऱ्यात ठेवतात आणि परत लावायचा राहतो. मग पाणी पॅडमागून उंबऱ्याच्या आत उतरतं आणि कार्पेटखाली जातं.

दाराच्या तळाची ती भोकं बुजली की काय होतं, याचा धडा मला माझ्याच जुन्या गाडीने दिला. पावसाळ्याआधी गाडीखाली गंजरोधक काळा थर मारून घेतला होता. जुलैत वळणावर दारातून डुबुक असा आवाज यायला लागला. गुडघे टेकून दाराची खालची कड चाचपली, तर भोकंच सापडेनात. काळ्या थराखाली ती बुजून गेली होती. बांबूची काडी टोचली तशी मनगटावर गार, काळपट, गंजाच्या वासाची धार आली आणि कितीतरी वेळ येतच राहिली. गंज लागू नये म्हणून केलेल्या कामाने दाराचा पत्रा आतून भिजत ठेवला होता. कोकणात हा थर जवळपास प्रत्येक जण मारून घेतो. मारा, पण नंतर चारही दारांची भोकं काडीने उघडून घ्या.

एवढं करूनही पाणी आलंच, तर मात्र नळी घेऊन नीट तपास करावा लागतो. डाव्या बाजूचं कार्पेट उचला, आतला पत्रा कोरडा पुसा आणि त्यावर वर्तमानपत्र पसरा. घरातलं कुणीतरी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालून बसेल, तुम्ही बाहेर. नळीला नोझल नको, दाब नको, साधी सैल धार. सुरुवात खालून करायची. आधी उंबरा, मग दार, मग वायपरची पन्हळ, मग काचेची खालची कड, बाजू आणि छप्पर सर्वांत शेवटी. एकेका जागी निदान पाच मिनिटं धार धरा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत बसलेल्याने ‘आलं’ म्हटलं की लगेच नळी बंद. पाणी दिसतं ती जागा आणि शिरतं ती जागा एक नसते. ते पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून, वायरींच्या जुडग्यावरून हात-दोन हात सरकतं आणि सोयीच्या टोकावरून टपकतं. वायरी इंजिनाकडून आत येतात तिथलं रबरही वयपरत्वे कडक होतं, तिथे बोट फिरवून पाहा.

काचेचं काय? पद्मिनी, अँबेसेडरच्या काळी काच रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली असायची, तिथे कडेने माल भरणं समजण्यासारखं होतं. तुमच्या गाडीची काच बहुधा पत्र्याला चिकटवलेली आहे. ती सुटली असेल तर काढून, खालचा गंज घासून पुन्हा चिकटवणं हाच इलाज. वरून भरलेलं सिलिकॉन आठवड्याने सुटतं, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्यातल्या आम्लाने पत्र्याला उलट गंज चढतो. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण चांगल्या गाड्यांच्या काचेखालचा पत्रा असाच खलास झालेला पाहिला आहे.

वास आणि वाफ मात्र गळती थांबली तरी आपोआप जाणार नाही. कार्पेटखाली जाड नमद्याचा थर असतो. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी तो आत गच्च ओला असतो, तेच पाणी रात्री काचांवर चढतं. सीटचे बोल्ट काढा, कार्पेट बाहेर घ्या, नमदा उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. उघडा पत्रा नीट बघा, गंजाचे फोड आले असतील तर खरवडून प्रायमर मारा. त्या भागात गाडीच्या कॉम्प्युटरच्या वायरी किंवा जोड असतील तर ते आधी कोरडे करा.

कार्पेट परत बसवायची घाई करू नका. पत्र्यावर नुसतं वर्तमानपत्र टाका आणि गाडी त्याच अंगणात, त्याच उतारावर, आंब्याखालीच लावा. दोन मोठ्या पावसांनंतरही कागद कुरकुरीत राहिला, तर बोल्ट आवळायला हरकत नाही.