इंग्रजी अक्षरांच्या भेंड्या

शब्दांच्या भेंड्या खेळणाऱ्या मराठी मुलाचा सारा भरवसा कानावर असतो. ‘गवत’ म्हटले की ‘तलाव’, ‘तलाव’ म्हटले की ‘वडा’. शेवटी ‘ळ’ आलाच तर ‘ल’ चालवून घ्यावा, असा तहही मुलांनी आपसांत करून ठेवलेला असतो. मराठीत जे ऐकू येते तेच बहुधा लिहिले जाते. म्हणून ह्या खेळात कानाने फारसा दगा दिल्याचे आढळत नाही.

इंग्रजीच्या तासाला हाच खेळ घेतला की पहिल्याच फेरीत घोटाळा होतो. एकाने ‘नाइफ’ म्हटले; पुढचा मुलगा लगेच ‘फॅन’ म्हणून मोकळा होतो. वस्तुतः ‘नाइफ’ हा शब्द के-एन-आय-एफ-ई असा लिहितात. त्याचे शेवटचे अक्षर ई, म्हणून पुढे ‘एग’ किंवा ‘इअर’ यावयास हवा होता. आणि आरंभीचा के तर उच्चारात कोठे नाहीच. श्रुतलेखनाच्या वहीत लाल रेघा पडतात त्या ह्याच ठिकाणी. दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा देण्यापेक्षा मुलाचे लक्ष ध्वनीवरून अक्षराकडे वळविणारा खेळ अधिक उपयोगी पडतो. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जात असल्याने ही अडचण आता फार लहान वयात पुढे येते.

अशा खेळांत ‘स्क्रॅबल’ हा सर्वांत प्रसिद्ध होय. १९३१ साली, मंदीच्या काळात, नोकरी गेलेले अमेरिकेतील वास्तुविशारद अल्फ्रेड बट्स ह्यांनी तो रचावयास घेतला. वर्तमानपत्रांची पाने पुढे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते हे त्यांनी मोजले आणि त्या मोजणीवरून सोंगट्यांची संख्या व गुण ठरविले. १९४८ साली जेम्स ब्रूनो ह्यांनी त्याला आजचे नाव दिले. इंग्रजी खेळात एकूण १०० सोंगट्या. त्यांत ई १२, ए व आय प्रत्येकी ९, ओ ८. आणि क्यू, झेड, जे, एक्स, के ही केवळ एकेक. दोन सोंगट्या कोऱ्या. त्या कोणत्याही अक्षराऐवजी चालतात. ईला १ गुण, केला ५, जे व एक्सला ८, क्यू व झेडला १०. एस हे अक्षर इंग्रजीत विपुल असूनही त्याच्या सोंगट्या चारच. कारण कोणत्याही नामाला एस लावून अनेकवचन करण्याची पळवाट फार सोपी झाली असती.

विकतचा संच शाळेत नसला तरी अडत नाही. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे चौकोन कापून अक्षरे लिहावीत. गुण मात्र छापील कोष्टकातून उतरून न घेता वर्गाकडूनच काढवून घ्यावेत. पाठ्यपुस्तकाचे एक पान घेऊन प्रत्येक मुलास दोन ओळी वाटून द्याव्यात व फळ्यावर बेरीज मांडावी. ई बहुधा पहिला येईल. परंतु प्राथमिक पुस्तकांत ‘बुक’, ‘लुक’, ‘लाइक’ असे शब्द वारंवार येत असल्यामुळे केची संख्या बट्स ह्यांच्या मोजणीहून अधिक निघण्याचा संभव आहे. तसे झाल्यास केचे गुण कमी करावेत. गणिताचा एक तास त्यातच साधतो.

क्यू हे अक्षर सर्वांत अडेलतट्टू. त्याच्यामागे यू येतो, हा नियम मुले पाठ करतात. ‘क्वीन’, ‘क्विक’, ‘क्वेश्चन’ हे त्याचे दाखले. यू हाती नसला तर काय करावे? खेळासाठी मान्य असलेल्या कोशांत यूवाचून क्यू असणारे शब्द आहेत, आणि त्यांतले पुष्कळ अरबीतून आलेले आहेत: फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), नकाब (एन-आय-क्यू-ए-बी), बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), कव्वाली (क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय). लंडनचा खेळाडू जे शब्द मुद्दाम पाठ करतो त्यांचे अर्थ आपल्या खेड्यातील मुलास आधीच ठाऊक असतात. ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. इंग्रजीची भीती त्याने थोडी तरी ओसरते.

स्वरांविषयीही असेच. ए, ई, आय, ओ, यू ह्यांपैकी एकही नसलेले शब्द शोधा म्हटले की मुले गोंधळतात. पण ‘स्काय’, ‘फ्लाय’, ‘ड्राय’, ‘जिम’ हे सारे वायच्या आधारावर उभे आहेत. ‘रिदम’ तर सहा अक्षरांचा. वेल्श भाषेतून आलेल्या ‘कूम’ (सी-डब्ल्यू-एम) ह्या दरीवाचक शब्दात डब्ल्यूच स्वराचे काम करतो. एव्हरेस्टच्या वाटेवरील ‘वेस्टर्न कूम’ हे नाव १९२१ साली मॅलरी ह्यांनी दिले. उलट ‘एज्युकेशन’ ह्या एका शब्दात पाचही स्वर एकेकदा येतात.

लहान मुलांसाठी शिडीचा खेळ बरा. ए, मग ॲन, ॲन्ट, पॅन्ट, प्लॅन्ट, प्लॅनेट: दर पायरीस एकच अक्षर वाढते, आधीच्या अक्षरांचा क्रम मोडत नाही. ‘स्टॉप’ची चार अक्षरे हलवून ‘पोस्ट’, ‘स्पॉट’, ‘पॉट्स’, ‘टॉप्स’ होतात. मागे बसणारी, बोलावयास बिचकणारी मुले येथे पुष्कळदा पुढे सरसावतात, कारण येथे उच्चाराला कोणी हसत नाही.

मात्र एका धोक्याची जाणीव ठेवावी. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स ह्यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ साली स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केले. स्मरणशक्तीचा हा पराक्रम थोरच. पण तो वर्गाचा आदर्श नव्हे. तेव्हा शब्द मांडणाऱ्याने त्याचा अर्थ सांगावा अथवा वाक्य करावे, ते न जमल्यास निम्मेच गुण मिळावेत, असा नियम करावा. विरुद्ध पक्षास अर्थ सांगता आला तर उरलेले निम्मे त्याला.

वाद झाल्यास कोश उघडावा, आणि तो शिक्षकाने नव्हे तर मुलांनी उघडावा. ‘मंगूस’ (एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई) हा शब्द त्यासाठी योग्य. ‘गूस’चे ‘गीस’ होते म्हणून एखादा मुलगा ‘मंगीस’ मांडील. कोशात त्याला ‘मंगूसेस’ हे रूप प्रथम दिसेल, आणि त्याच नोंदीत हा शब्द मराठीतील ‘मुंगूस’वरून इंग्रजीत गेल्याचेही आढळेल.