सहा ठिपक्यांचा भुंगेरा आणि आपली माळराने

कीटकवर्गात भुंगेऱ्यांचा गण सर्वांत मोठा आहे. या गणातील ‘कॅराबिडी’ नावाच्या कुलात जगभरातील सुमारे ४०,००० जातींची नोंद झालेली आहे. या कुलातील बहुतेक भुंगेरे जमिनीवर वावरतात, धावत जाऊन शिकार पकडतात आणि दगडांखाली, पालापाचोळ्यात किंवा मातीच्या भेगांत आसरा घेतात. म्हणून त्यांना भू-भुंगेरे म्हणणे योग्य ठरेल. प्रस्तुत लेखात त्यांपैकी ‘अँथिया’ या एका प्रजातीची ओळख करून घ्यावयाची आहे. प्रजाती म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींचा गट. उदाहरणार्थ, वाघ, सिंह आणि बिबट्या या तीन निरनिराळ्या जाती असल्या तरी त्यांची प्रजाती एकच आहे.

अँथिया प्रजातीच्या बहुसंख्य जाती आफ्रिकेतील वाळवंटांत व कोरड्या गवताळ प्रदेशांत राहतात. काही मोजक्या जाती पश्चिम व मध्य आशियात आढळतात. भारतात मात्र प्रामुख्याने एकच जाती सर्वपरिचित आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘अँथिया सेक्सगुट्टाटा’. लॅटिन भाषेत ‘सेक्स’ म्हणजे सहा आणि ‘गुट्टा’ म्हणजे थेंब. लिनियसचा शिष्य फाब्रिशियस याने १७७५ साली या भुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे भारतात वनाधिकारी म्हणून सेवा केलेल्या एच. ई. अँड्र्यूझ यांनी भू-भुंगेऱ्यांवर लिहिलेले दोन खंड १९२९ व १९३५ साली प्रकाशित झाले. आपल्या देशातील या कुलाच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

हा भुंगेरा ओळखणे कठीण नाही. लांबी सुमारे चार सेंटिमीटर, रंग काळाभोर, पाय लांब आणि जबडे बळकट. पाठीवर सहा पांढरे ठिपके असतात: दोन मानेमागील ढालीवर आणि चार पंखांच्या कवचावर. लहान कीटक हे त्याचे भक्ष्य. त्याच्या अळ्याही मांसाहारीच असतात.

एवढ्या ठळक रंगाचा कीटक उघड्यावर निर्धास्त कसा फिरतो? याचे उत्तर त्याच्या शरीराच्या मागील टोकाशी असलेल्या ग्रंथींत आहे. शत्रू जवळ येताच तो त्यांतून फॉर्मिक आम्लाची पिचकारी नेम धरून मारतो. मुंगी चावल्यावर जी आग होते तिच्यामागेही हेच आम्ल असते. येथे मात्र त्याची मात्रा बरीच मोठी आहे आणि डोळ्यांत गेल्यास ते अत्यंत त्रासदायक ठरते. पांढरे ठिपके ही या शस्त्राची आगाऊ सूचनाच होय.

ही सूचना इतकी परिणामकारक आहे की इतर प्राण्यांनी तिची नक्कल केलेली दिसते. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात सरड्याच्या एका जातीची पिल्ले काळी असून त्यांच्या अंगावर पांढऱ्या खुणा असतात. ती पाठ कमानीसारखी उंचावून, पाय ताठ ठेवून, तेथील अँथिया भुंगेऱ्यासारखी चालतात. मोठी झाल्यावर ती हा रंग आणि ही चाल दोन्ही सोडतात. ह्यूई आणि पियांका या शास्त्रज्ञांनी १९७७ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. दक्षिण भारतात सापडणारे काळ्या पाठीवर सात पांढरे ठिपके असलेले झुरळही आपल्या सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याचीच नक्कल करीत असावे, असे अभ्यासक मानतात.

आता या प्रजातीच्या प्रसाराकडे वळू. अँथियाच्या पंखांची कवचे एकमेकांना घट्ट जुळलेली असतात. त्यामुळे तिला उडता येत नाही. तिला जे अंतर कापावयाचे ते पायांनीच, पिढ्यान्‌पिढ्या चालत. नदी, दाट अरण्य किंवा पाणथळ भूमी तिला अडवते. सलग, कोरडी, मोकळी जमीन तिला वाट देते. आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण आणि सिंधमार्गे भारतापर्यंत अशा कोरड्या भूमीचा पट्टा पसरलेला आहे. या भुंगेऱ्यांचे आजचे स्थान आणि हा पट्टा यांचा मेळ बसतो.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतील माळराने अशाच प्रकारची आहेत. विरळ गवत, बोरी-बाभळी, खडकाळ जमीन आणि मेंढपाळांची वाट. दुर्दैवाने सरकारी दप्तरांत अशा जमिनीची गणना वर्षानुवर्षे ‘पडीक’ म्हणून होत आली. पडीक म्हटले की ती कशालाही द्यावयास मोकळी: कारखान्याला, वसाहतीला, किंवा गवत उपटून केलेल्या वृक्षलागवडीलाही. पुणे जिल्ह्यात सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्याला चिंकारा हरणांमुळे संरक्षण मिळाले. पण त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. माळ नांगरला किंवा मधून रुंद रस्ता गेला, तर पक्षी उडून जातो, हरिण पळून जाते. न उडणारा भुंगेरा मात्र तेथेच अडकतो, आणि एकदा तो नाहीसा झाला की दुसऱ्या माळावरून सहजासहजी परत येत नाही.

करंजा, उरण आणि पनवेलच्या रहिवाशांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपली भूमी दमट किनाऱ्याची, देशावरच्या माळाहून निराळी. तरीही १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून खाड्यांत भराव पडले, रस्ते रुंदावले आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. या बदलाने अनेकांना रोजगार मिळाला, हे मान्यच केले पाहिजे. पण द्रोणागिरीच्या उतारावरील पालापाचोळ्यात, भाताच्या बांधांवर आणि खाडीच्या काठावर वावरणाऱ्या लहान जीवांचे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली?

ती नोंद ठेवणे आपल्या हाती आहे. पहिल्या पावसानंतर मुलांना घेऊन बांधावर जावे. दगड हलकेच उचलून पाहावा आणि तसाच जागेवर ठेवावा. भुंगेरा हातात धरू नये, त्यावर वाकून चेहरा जवळ नेऊ नये. छायाचित्र काढावे आणि तारीख, ठिकाण व जमिनीचा प्रकार वहीत लिहावा. पाच-दहा वर्षे अशी वही चालू राहिली, तर आपल्या गावात एकही जमीन खऱ्या अर्थाने पडीक नव्हती, हे पुढच्या पिढीला पुराव्यानिशी सांगता येईल.